वाचकांचे प्रश्न : समुद्रातल्या पवनचक्क्या आणि पक्षी

समुद्रातल्या पवनचक्क्यांवरच्या आमच्या लेखात पक्ष्यांचा विषय एका परिच्छेदात उरकला होता. वाचकांनी नेमकं तेच पकडलं. आलेल्या पत्रांतल्या निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देतो आहोत. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत. उदाहरणं बहुतेक उत्तर समुद्रातली आहेत, कारण वीस वर्षांहून जास्त काळाची निरीक्षणं आहेत ती तिथलीच.

प्रश्न : जमिनीवर पात्याला आपटून मेलेला पक्षी निदान सापडतो. समुद्रात मोजणार कोण आणि कसं? (पाटण, जि. सातारा)

जमिनीवर ठरावीक दिवसांनी खांबाभोवती फेरी मारतात आणि कलेवरं मोजतात. कुत्र्या-कोल्ह्यांनी किती पळवली असतील हे कळावं म्हणून मुद्दाम मेलेले पक्षी ठेवून ते किती दिवस टिकतात तेही पाहतात. समुद्रात यातलं काहीच जमत नाही. पडलेला पक्षी वाहून जातो, बुडतो, नाहीतर कुणाच्या तरी पोटात जातो.

म्हणून तिथे रडार, लेझरची अंतरमापक दुर्बीण आणि उष्णता टिपणारे कॅमेरे लागतात. इंग्लंडच्या केंट किनाऱ्यासमोर थॅनेट इथे १०० चक्क्या आहेत. तिथे २०१४ ते २०१६ या काळात हे सगळं एकत्र लावलं होतं. सहा लाखांहून जास्त चित्रफिती जमल्या. छाननी केल्यावर दिवसाउजेडी पक्षी दिसणाऱ्या फिती उरल्या १२,१३१, आणि त्यांत प्रत्यक्ष धडका दिसल्या सहा. स्कॉटलंडमध्ये अॅबर्डीनसमोरच्या ११ चक्क्यांवरचा असाच अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा हजारांहून जास्त फिती होत्या, धडक एकही नव्हती. मात्र या शून्यावर फार विसंबू नये. कॅमेरे मोजक्याच चक्क्यांवर असतात, बहुतेक निरीक्षण उजेडातलं असतं, आणि दाट धुक्यात कॅमेऱ्यालाही फारसं दिसत नाही.

याच्या उलट टोकाचं उदाहरण बेल्जियममधल्या झेब्रुग बंदराचं आहे. तिथे २५ चक्क्यांची रांग लाटा अडवणाऱ्या बांधावर उभी होती, आणि सुरय पक्ष्यांची वीण वसाहत तिला लागूनच होती. बांध असल्यामुळे कलेवरं शोधता आली. २००४ आणि २००५ मध्ये दर चक्कीमागे वर्षाला सरासरी ६.७ सुरय मेले. समुद्राकडच्या १४ चक्क्यांपुरता हा आकडा अकराच्या आसपास होता. पिल्लांना मासे आणायला आईबाप तीच रांग दिवसातून पुन्हा पुन्हा ओलांडत होते. चक्क्या फार मोठ्या नव्हत्या, जागा चुकली होती.

प्रश्न : सगळे समुद्रपक्षी सारखेच धोक्यात असतात का? (अलिबाग)

मुळीच नाही. पक्षी पाण्यापासून किती उंचीवर उडतो, यावर निम्मं गणित ठरतं. ब्रिटनच्या समुद्रात जहाजांच्या शिडांसाठी पात्याचं खालचं टोक उधाणाच्या भरतीच्या सरासरी पातळीपासून किमान २२ मीटर वर ठेवावं लागतं. गिलेमॉट, रेझरबिल, पफिन यांचे पंख आखूड आणि अंग जड, त्यामुळे ते सतत फडफडत पाण्यालगत जातात. पात्यांपर्यंत ते क्वचितच पोचतात. मोठे कुरव मात्र आरामात वर-खाली करतात आणि नेमके २० ते ५० मीटरच्या पट्ट्यात सापडतात.

गॅनेटचं उदाहरण जास्त बोलकं आहे. पंख पसरले की पावणेदोन मीटर भरणारा हा पांढरा पक्षी उंचावरून सूर मारून मासा धरतो. स्कॉटलंडच्या बास रॉक बेटावरच्या गॅनेटांवर जीपीएस आणि हवेचा दाब मोजणारी यंत्रं बसवली, तेव्हा निव्वळ ये-जा करताना त्यांची मध्यक उंची १२ मीटर निघाली आणि मासे शोधताना २७ मीटर. म्हणजे घरट्याकडून येताना जो पक्षी पात्यांखालून सुखरूप निघून जातो, तोच खाली मासळीचा थवा दिसला की पात्यांच्या उंचीला चढतो. ‘या जातीची सरासरी उंची अमुक’ एवढंच वाक्य अहवालात असेल, तर तिथे बोट ठेवून विचारायला हवं : कोणतं काम करतानाची?

वाऱ्याचाही हात असतो. समोरून वारा असला की पक्षी खाली उतरतात, कारण पाण्यालगत वारा मंद असतो. पाठीवर वारा असला की वर जातात. सर्वेक्षणाची बोट आणि विमान मात्र चांगल्या हवेतच निघतात, त्यामुळे वादळी दिवसांची उंची आकडेवारीत फारशी येतच नाही. बोटीवरून नुसत्या डोळ्यांनी घेतलेला अंदाज तर ‘५ ते १०’, ‘१० ते २०’ अशा खणांत टाकलेला असतो. पक्षी २२ मीटरच्या आत की बाहेर हे ठरवायला तो पुरत नाही. आता लेझर दुर्बीण किंवा विमानातला लायडार (लेझरच्या झोताने अंतर मोजणारं यंत्र) वापरतात.

प्रश्न : एका अहवालात ‘टाळण्याचा दर ९८.९ टक्के’ असं वाचलं. म्हणजे शंभरातले ९९ पक्षी वाचतात का? हे गणित कसं करतात? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे)

तसा अर्थ होत नाही, आणि बहुतेक वाद इथूनच सुरू होतात. पक्ष्यांच्या धडकांचा अंदाज काढणारी, बिल बँड यांनी मांडलेली गणनपद्धत ब्रिटनमध्ये प्रमाण मानतात. समुद्रासाठीची तिची आवृत्ती २०१२ ची. पायऱ्या कळाव्यात म्हणून खाली सोपी, मनाने धरलेली संख्या घेऊन एक उदाहरण करू.

पहिली पायरी, पात्यांच्या चकतीतून किती पक्षी जातात. चकतीचा व्यास २२० मीटर. वर्तुळाची सरासरी रुंदी व्यासाच्या ०.७८५ पट, म्हणजे १७३ मीटर. गॅनेटचा वेग सेकंदाला १४.९ मीटर, म्हणजे तासाला ५३.६ किलोमीटर. हे दोन गुणले की तासाला ९.३ चौरस किलोमीटरमधले पक्षी चकतीच्या वाटेवर येतात. दर चौरस किलोमीटरला उडणारा अर्धा पक्षी धरला तर ४.६ पक्षी. त्यातले १० टक्के चकतीच्या उंचीवर असतील तर ०.४६. गॅनेट रात्री फारसा उडत नाही, म्हणून वर्षातले उजेडाचे ४,४०० तास धरू. वर्षाला एका चक्कीतून पक्ष्यांच्या सुमारे २,०४०, आणि ५० चक्क्यांतून सुमारे १,०२,००० फेऱ्या.

दुसरी पायरी, फिरत्या चकतीतून सरळ जाणाऱ्या पक्ष्याला पातं लागण्याची शक्यता. मिनिटाला साडेसात फेरे म्हणजे एका फेऱ्याला ८ सेकंद. पाती तीन, म्हणून दर २.६७ सेकंदांनी एक पातं येतं. गॅनेटची लांबी ०.९४ मीटर, पात्याची उडण्याच्या दिशेतली खोली २ मीटर धरू. मिळून २.९४ मीटर पार करायला ०.२ सेकंद. ०.२ भागिले २.६७, म्हणजे सात-साडेसात टक्के. चकतीच्या मध्याजवळ पातं हळू सरकतं, तिथे लांबीपेक्षा पंखांचा विस्तार महत्त्वाचा ठरतो, म्हणून पूर्ण चकतीची सरासरी काढावी लागते. आपण ८ टक्के धरू. वाऱ्याविरुद्ध जाणारा पक्षी चकतीत जास्त वेळ असतो, त्यामुळे त्याची शक्यता जास्त. वाऱ्यासोबत जाणाऱ्याची कमी.

तिसरी पायरी, चक्की फिरते किती वेळ. ९० टक्के धरू. १,०२,००० × ०.०८ × ०.९ = सुमारे ७,३४० धडका, पक्षी आंधळा असेल तर.

चौथी पायरी म्हणजे तुमचा ९८.९. या ७,३४० पैकी १.१ टक्के उरतात : वर्षाला ८१. दर ९९.५ धरला तर ३७. आणि ९८ धरला तर १४७. ९८ आणि ९९ यांत वाचणाऱ्याला एका टक्क्याचा फरक दिसतो, पण मरणारे पक्षी निम्मे होतात. ब्रिटनच्या निसर्ग-सल्लागार संस्थांनी २०१४ मध्ये गॅनेट आणि किटीवेक (एक लहान समुद्री कुरव) यांच्यासाठी ९८.९ आणि मोठ्या कुरवांसाठी ९९.५ हे दर सुचवले होते. नंतर त्यांत सुधारणा होत गेल्या. म्हणून अहवाल कोणत्या साली, कोणत्या दराने केला ते आधी पाहा, मगच दोन प्रकल्पांची तुलना करा.

या दरात पक्ष्याचं शहाणपण जेवढं आहे तेवढीच गणिताची चूकही दडलेली आहे. प्रत्यक्ष धडका भागिले गणिताने काढलेल्या धडका, यावरूनच तो मिळतो. घनता चुकली, वेग चुकला, उंची चुकली, की सगळी चूक याच एका आकड्याच्या खात्यावर पडते. पक्ष्याचं टाळणं तीन पातळ्यांवर चालतं. पूर्ण क्षेत्रालाच वळसा घालणं, आत शिरून चक्क्यांच्या रांगांमधून जाणं, आणि शेवटच्या क्षणी पात्याला हूल देणं. जर्मनीच्या हेल्गोलांड बेटावरच्या यंत्र लावलेल्या २८ गॅनेटांपैकी ८९ टक्क्यांनी प्रामुख्याने पूर्ण क्षेत्रच टाळलं, ११ टक्के वारंवार आत जात राहिले. त्या ११ टक्क्यांना ‘सरासरी गॅनेट’ म्हणून मोजण्यात अर्थ नाही.

आणखी एक चूक वारंवार दिसते. गणनेचे दोन प्रकार आहेत. साध्या प्रकारात चकतीच्या उंचीतले पक्षी वरपासून खालपर्यंत सारखे विखुरलेले धरतात. विस्तारित प्रकारात ते खालच्या भागात दाट धरतात, आणि खरी स्थिती तशीच असते. खाली चकती अरुंद असल्याने विस्तारित प्रकाराचं उत्तर कमी येतं. पण साध्या प्रकारासाठी काढलेला टाळण्याचा दर या उत्तराला लावला, की सवलत दोनदा दिल्यासारखं होतं.

प्रश्न : चक्क्या दिवसेंदिवस अवाढव्य होत आहेत. म्हणजे पक्ष्यांना धोका वाढतोच ना? (डोंबिवली)

तेवढीच वीज करायची असेल तर साधारणपणे कमी होतो. ३०० मेगावॅटसाठी ९० मीटर व्यासाच्या, ३ मेगावॅटच्या १०० चक्क्या लागतात. २३६ मीटर व्यासाच्या, १५ मेगावॅटच्या २० पुरतात. चकत्यांचं एकूण क्षेत्रफळ मोठ्यांचंच जास्त भरतं, हे खरं. पण पक्षी चकतीच्या तळाशी असतात. पात्याच्या खालच्या टोकापासून १० मीटर वर आडवी रेषा ओढा. छोट्या चकतीत ती ५७ मीटर भरते, मोठीत ९५. शंभर छोट्यांच्या मिळून ५,७०० मीटर, वीस मोठ्यांच्या १,९००. पक्ष्याच्या वाटेतला अडसर एक तृतीयांश झाला. शिवाय लहान चक्की मिनिटाला सोळाच्या आसपास फिरते, मोठी सात-आठ. खांब अजून पाच-दहा मीटर उंच केला तर फायदा आणखी वाढतो, फक्त पोलाद आणि खर्चही वाढतो.

प्रश्न : रात्री दिवे पाहून पक्षी तिकडे खेचले जातात का? (रत्नागिरी)

जातात, पण बहुतेक वेळा ते समुद्रपक्षी नसतात. बोर्कुम बेटाच्या उत्तरेला ४५ किलोमीटरवर जर्मनीचा फिनो-१ हा संशोधन मंच आहे. चक्की नव्हे, दिवे असलेला नुसता मंच आणि मनोरा. ऑक्टोबर २००३ ते डिसेंबर २००४ या काळात तिथे २१ जातींचे ४४२ मेलेले पक्षी सापडले, बहुतेक थ्रशसारखे स्थलांतर करणारे जमिनीवरचे छोटे पक्षी. यातले निम्म्याहून जास्त अवघ्या दोन रात्रींत मेले. निघताना आकाश स्वच्छ असतं, वाटेत धुकं किंवा पाऊस लागतो, पक्षी खाली उतरतात आणि दिव्याभोवती घिरट्या घालत बसतात. वर्षाची सरासरी अशा दोन रात्री लपवून टाकते.

यावर नेदरलँडने सरळ उपाय केला. ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेल्या अंदाजपद्धतीने मोठ्या स्थलांतराची रात्र दोन दिवस आधी ओळखतात. वीजजाळ्याचा तोल सांभाळणाऱ्या कंपनीला तसं कळवतात आणि त्या काही तासांपुरत्या चक्क्या मिनिटाला जास्तीत जास्त दोन फेऱ्यांवर आणतात. १३ मे २०२३ रोजी बोर्सेले आणि एग्मंड आन झे इथे हे पहिल्यांदा झालं. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांसाठी हा उपाय चांगला आहे. वर्षभर तिथेच मासे धरणाऱ्या कुरवांना त्याचा उपयोग नाही.

आयडर बदकं आणि हंस मात्र अंधारातही बऱ्यापैकी सावध दिसले. डेन्मार्कच्या न्यूस्टेड इथे ७२ चक्क्या उभ्या राहिल्यावर क्षेत्रात शिरणाऱ्या थव्यांचं प्रमाण साडेचार पटींनी घटलं. स्थलांतर करणाऱ्यांपैकी चक्कीच्या धोकादायक जवळ गेले ते एक टक्क्याहून कमी.

प्रश्न : एक पातं काळं रंगवलं की प्रश्न सुटतो असं ऐकलं. (नाशिक)

नॉर्वेच्या स्मेला बेटावर चार चक्क्यांचं प्रत्येकी एक पातं काळं केलं आणि पक्ष्यांचे मृत्यू सत्तर टक्क्यांहून जास्त घटले. पण चक्क्या चारच होत्या, जागा जमिनीवरची होती आणि मुख्य काळजी पांढऱ्या शेपटीच्या समुद्री गरुडाची होती. तीनही पाती पांढरी असली की वेगात त्यांचा धूसर पडदा होतो. एक काळं असलं की तो तुटतो, हे तर्काला पटतं. तरी त्या आकड्यावरून समुद्रातल्या गॅनेटचा हिशेब मांडू नये.

प्रश्न : इथे सफोक किनाऱ्याजवळ पाण्यात घरट्यांसाठी मनोरे उभे केले आहेत. पवनचक्कीवाल्यांनी पक्ष्यांना घरं का बांधून द्यावीत? (लंडनस्थित वाचक)

ते किटीवेक या लहान समुद्री कुरवासाठी आहेत. हॉर्नसी थ्री या प्रकल्पाला डिसेंबर २०२० मध्ये परवानगी मिळाली, ती यॉर्कशरमधल्या फ्लॅम्बरो-फायलीच्या कड्यांवरच्या किटीवेकांच्या संभाव्य नुकसानीची भरपाई करण्याच्या अटीवर. किटीवेक कड्याच्या अरुंद कपारीवर घरटं करतो आणि इमारतींवरही सहज करतो. न्यूकासलच्या टाइन पुलावर त्यांची वसाहतच आहे. म्हणून लोस्टॉफ्ट आणि मिन्समिअरजवळ पाण्यात कपारींचे मनोरे आले. इथे आमची एक शंका आहे. किटीवेकची घट मुख्यतः सँडईल ही मासळी कमी झाल्याने होत असेल, तर नव्या कपारीतल्या पिल्लाला मासा कुठून आणणार?

एक गंमत सांगायला हवी. गार्थे आणि ह्युपॉप या जर्मन संशोधकांनी २००४ मध्ये उत्तर समुद्रातल्या २६ जातींची पवनचक्क्यांबाबतची संवेदनशीलता नऊ निकषांवर मोजली. सर्वात वर दोन प्रकारचे डायव्हर पक्षी आले, तळाला फुलमार आणि हाच किटीवेक. डायव्हरचं निदान अचूक होतं, मात्र ते धडकून मरत नाहीत. चक्क्यांपासून दहा-पंधरा किलोमीटरपर्यंतचा समुद्र सोडून देतात. धडकांच्या गणितात तिथे शून्य येतं आणि पक्षी मात्र जागेला मुकतो.

प्रश्न : आपल्याकडे असं काही होणार आहे का? कोकणातल्या पक्षीनिरीक्षकांनी आतापासून काय करावं? (दापोली, मालवणहूनही असंच पत्र)

केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, ती गुजरात आणि तमिळनाडूसमोर प्रत्येकी ५०० मेगावॅटसाठी. महाराष्ट्र तिच्यात नाही. तरी ठाणे खाडीतले रोहित गुजरातकडे ये-जा करतात, तीही बरीचशी रात्री, हे उपग्रह-यंत्रांनी दाखवलं आहे. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरला उतरत्या विमानाला धडकून चाळीसच्या आसपास रोहित मेले. मोठा थवा अंधारात काय टाळू शकतो आणि काय नाही, हे खंबातच्या आखातातल्या चक्क्यांच्या आराखड्यात पाहायला हवं.

कोकणची अडचण वेगळी आहे. बूबी, नॉडी, फ्रिगेटपक्षी, सूटी टर्न हे खोल समुद्राचे पक्षी आपल्या किनाऱ्याला लागतात ते पावसाळ्यातल्या वाऱ्यांनी. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या. म्हणजे पक्षी सर्वांत जवळ असताना समुद्रात पाहणारं कुणीच नसतं. ही उणीव किनाऱ्यावरून काही अंशी भरता येते.

समुद्रात घुसलेलं कातळाचं टोक किंवा दीपगृहाखालचा कडा निवडा, जिथे तुमचा डोळा पाण्यापासून साधारण २२ ते २५ मीटरवर येईल. ती उंची नकाशावरून किंवा दोरीने नक्की करा. मग क्षितिजाची रेषा हीच तुमची मोजपट्टी. किलोमीटरभर अंतरातला जो पक्षी क्षितिजाच्या वर दिसतो तो साधारण तुमच्या डोळ्यापेक्षा वर, म्हणजे पात्यांच्या उंचीत; खाली दिसतो तो खाली. भरती-ओहोटीने दोन-तीन मीटरचा फरक पडतो, म्हणून वेळेसोबत भरतीची स्थिती लिहा. दर वेळी बरोबर ३० मिनिटं बसा, दुर्बीण तिकाटण्यावर एकाच दिशेला ठेवा, आणि जात, संख्या, क्षितिजाच्या वर की खाली, कुठून कुठे, फडफड की तरंगणं, वाऱ्याची दिशा एवढं नोंदवा. एकही पक्षी दिसला नाही तरी ती ३० मिनिटं वहीत लिहाच. शून्य नोंदवलं नाही तर घनता काढताच येत नाही.